भोपळा उत्तर देत नाही

प्रिय उपद्व्यापी,

अक्षर ओळखलंस ना? इतक्या वर्षांत दोन ओळी खरडल्या नाहीत आणि आज एकदम पाकीट, म्हणून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र होती तशीच तिखट आहे. सरांनी ठेवलेलं शंकासुर हे नाव मी अजून इमानेइतबारे चालवते आहे.

सरांचं मात्र बरं नाही. ते विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग रस्ते, आता माणसं. लेकीला कधी ताई म्हणतात, कधी नर्सबाई. मागच्या खेपेला मला मीटर बघायला आलेली बाई समजले आणि अगदी अदबीनं मीटरपाशी घेऊन गेले. तिथे हसले मी, आणि जिन्यात येऊन रडले. एकच गोष्ट त्यांना अजून पक्की ओळखू येते, ती म्हणजे आपण तिघांनी लॅबमध्ये मिळून बांधलेली कॉम्प्युटरची सिस्टिम. ती वापरणारी जगातली सगळी माणसं एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील, पण लॅब बंद झाली तेव्हा सर आपलं मशीन घरी घेऊन गेले. त्याच्यापुढे बसवलं की हात आपोआप माउसवर जातो, मधलं बटण दाबून ते स्क्रीनवरच्या शब्दांना कामाला लावतात, आणि तेवढा वेळ ते आपले सर असतात.

म्हणूनच परवा लेकीचा फोन आला, की मशीन बंद पडलंय आणि बाबा जेवत नाहीयेत, तेव्हा मी चपला पायात सरकवल्या आणि निघाले.

वाटेत तुझा पहिला दिवस आठवत होता. स्क्रीनवरची खिडकी मजकुरानं भरली की आपली सिस्टिम जागच्या जागी थांबते. वाचून झालं, खाली सरकवलं, की मगच पुढची ओळ. तुला हे कुठलं माहीत असायला. मशीन मेलं म्हणून तू सरळ प्लग उपटलास आणि माझं आख्ख्या सकाळचं काम पाण्यात गेलं. मी तुला खाऊ की गिळू अशी बघत होते, आणि सर शांतपणे म्हणाले, मेलं नव्हतं रे, वाट बघत होतं. मशीन थांबलं की आधी ते कोणाची वाट बघतंय ते शोधायचं. पुढे हेच वाक्य तू त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचास आणि ते दारात उभे राहून ऐकायचे. काय दिवस होते. मला अजून त्या खोलीची, तापलेल्या तारांच्या वासाची फार आठवण येते.

आणि मग ती थांबायची खोडच तू त्यांना न विचारता दुरुस्त करून टाकलीस. शब्दानं शब्द वाढला. तुला समजून घ्यायचं नसतं, नुसतं गप्प करायचं असतं, असं ते म्हणाले. तू म्हणालास, चहा घेऊन येतो, आणि गेलास तो गेलासच. खुर्चीवरचा तुझा निळा स्वेटर कसरीनं खाल्ला. तुझं ते ढब्बं मशीन, ज्याचं नाव तू भोपळा ठेवलं होतंस, ते पुढे भंगारात गेलं. सरांनी तुझं नाव परत काढलं नाही. मला वाटलं, मनातून काढून टाकलं.

तर घरी जाऊन बघते तो मशीनला काहीच झालेलं नव्हतं. तारा ठीक, डिस्क ठीक. सुरू व्हायचं आणि एका जागी अडून बसायचं. सर समोर हात मांडीवर ठेवून बसलेले. लॅबमध्येही मशीन तिथेच रेंगाळायचं, आठवतं? नाही, तुला कसं आठवेल, ते तू गेल्यानंतरचं. आम्ही त्याला शिव्या घालायचो आणि सर कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. परवा मी पहिल्यांदा आत, सुरुवातीच्या सूचनांत डोकावले. आपलं मशीन उठल्या उठल्या घड्याळ लावून घ्यायला नेटवर्कवर तुझ्या भोपळ्याला वेळ विचारतं. आधी भोपळ्याला, मग बाकीच्यांना. लॅबच्या नेटवर्कवर थोड्या वेळानं कळायचं की इथे कोणी नाही, मग ते पुढे जायचं. घरी नवीन राउटर बसवलाय, तो हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. त्यामुळे ते बिचारं विचारत राहतं.

एक ओळ पुसायची, संपलं. लेक म्हणालीसुद्धा, मावशी, पुसून टाक ना. मी हात घातला, तर सरांनी माझं मनगट धरलं. मला ओळखत नव्हते, पण स्क्रीनवरचं भोपळा हे नाव त्यांनी नीट वाचलं होतं. म्हणाले, राहू द्या हो. तो चहाला गेलाय, येईल.

ती ओळ मी पुसलेली नाही. राउटरचं बघून घेतलं, मशीन आता रडतखडत का होईना सुरू होतं, सर जेवतात. पण डॉक्टर म्हणतात, आज जे आठवतंय ते पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. त्या आठवणीत तू अजून आहेस. म्हणून हे पत्र. राग धरला असशील तर तो माझ्यावर काढ, मी आहे खमकी, पण ये. आणि येताना हातात चहा घेऊन ये, म्हणजे त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

तुझीच,
शंकासुर