अर्धं बिस्कीट

४ फेब्रुवारी, मंगळवार

नातीला, आमच्या गुंडीला, कापणार. जांघेत फुगवटा येतो तो हर्निया, आपोआप जायचा नाही म्हणाले डॉक्टर. कापण्याचं मला भय नाही, माझा जन्म कात्रीतच गेला. भय आहे ते भुलीचं. पेपरातलं कात्रण शिलाई मशीनच्या खणात जपलंय — तीन वर्षांखालच्या मुलांना फार वेळ किंवा पुन्हापुन्हा भूल दिली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. आमच्या नातीला तीन पुरी व्हायला अजून महिना आहे!

लेकीला दाखवलं. "आई, तू तुझं शिवण बघ."

५ फेब्रुवारी

बटणांचा डबा काढला. मूळचा बिस्किटांचाच, स्वयंपाकघरातल्या डब्याचा जुळा भाऊ. "हे कुणाचं?" "पोस्टमनकाकांचं." "हे?" "मामाच्या कोटाचं. तो जाड्या झाला." एकवीस बटणं बिनचूक ओळखली. इथे लिहून ठेवते, नंतर ताडून बघायला.

७ फेब्रुवारी

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कात्रण दाखवलं. त्या हसल्या नाहीत. "आजी, खोटं नाही हे. पण ते तीन तासांच्या वरच्या नाहीतर वारंवारच्या भुलीबद्दल. हिचं काम पाऊण तासाचं. अशी एकदाच भूल दिलेली मुलं पुढे तपासली, फरक दिसला नाही."

"शपथेवर सांगता?"

"शपथेवर एवढंच सांगते, सकाळी पोट रिकामं ठेवा. पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतेल."

पटलं. घरी येईस्तोवर पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज ऑपरेशन होतं. झालं नाही. मीच होऊ दिलं नाही.

लेक अंघोळीला गेली तेव्हा डबा उघडून गुंडीच्या हातात अर्धं बिस्कीट ठेवलं. ठरवून.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "काही खाल्लंय?" लेक म्हणाली, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही." गप्प राहिले तर पोरीचा जीव, बोलले तर माझी लाज. म्हणाले, "तिने डब्यातून बिस्कीट घेतलं वाटतं."

तिने! एवढ्याशा लेकरावर ढकललं मी. लेक तिच्यावर ओरडली, "डब्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?" पोर रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

पुढची तारीख सतरा.

१३ फेब्रुवारी

फुगवटा आत जाईना. दगडासारखा घट्ट. पोर कळवळत होती. दवाखान्यात नेली, डॉक्टरांनी बऱ्याच वेळाने हळूहळू आत सारला. म्हणाले, "पुन्हा अडकला आणि आतड्याचं रक्त थांबलं, तर मोठं ऑपरेशन करावं लागेल. भूलही लांबेल."

ज्याला भ्यायले त्यालाच मी हाताला धरून घरात आणत होते. उद्याच करणार.

१४ फेब्रुवारी

झालं. चाळीस मिनिटं. शुद्धीवर आली ती परक्यासारखी. आईलाही ओळखेना, हातपाय झाडत रडली. "औषधाचा अंमल आहे, तासाभरात उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उतरला.

संध्याकाळी घरी आणली. बटणांचा डबा पुढे केला. "हे कुणाचं?" मान फिरवली.

१५ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. मामाच्या कोटाचंसुद्धा नाही. डब्याकडे बघेचना. एकवीसपैकी शून्य. लेक म्हणते, "दमली असेल, मागे लागू नकोस." कात्रण तिसऱ्यांदा वाचलं, अक्षरं नाचतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीने दुधाबरोबर बिस्किटांचा डबा पुढे ठेवला. गुंडीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "डब्याला हात लावला की आई ओरडते." मग माझ्याकडे बोट केलं. "त्या दिवशी मी नाही घेतलं. आजीने दिलं. अर्धं. तू अंघोळीला होतीस."

लेक अजून माझ्याशी बोललेली नाही. नको बोलू दे. पोरीला सगळं आठवतंय.