तीन तारांची एक पोच

राजापेठ, अमरावती
११ फेब्रुवारी १९६७

प्रिय देवराव,

शेषरावाचा नमस्कार. तारेच्या यंत्रामागे आपण तंबाखूचा रिकामा डबा टेकवून ठेवायचो, आवाज खणखणीत यावा म्हणून. ती कट्-कडकट् आज सकाळपासून कानात आहे. अकोल्याहून कोणीही ठोकू दे, तुझा हात मी पहिल्या अक्षराला ओळखायचो. शाळेत आर्या म्हणताना मध्येच रेंगाळायचास, तसाच यंत्रावरही रेंगाळायचास.

इकडे बरं आहे. डाव्या डोळ्याने आता अंधुक दिसतं. मोर्शीची संत्री यंदा आंबट निघाली.

अशा चार ओळी लिहून मी बारा वर्षं पत्रं बंद करत आलो. आज करत नाही.

इंदू खोटं बोलली नव्हती. तुझ्या बहिणीला ती तार मिळालीच नव्हती.

आपली वहिवाट आठव. एकेक तार उतरवून घेतली की 'पोचली' म्हणून उलट खूण द्यायची, असा नियम. आपण तीन-तीन तारा सलग पाठवायचो आणि शेवटी एकच पोच द्यायचो. एवढा भरवसा. बारा वर्षांपूर्वी चैत्रातल्या त्या दुपारी पहिल्या दोन तारा कापसाच्या भावाच्या होत्या. त्या उतरवल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या पुंजारामला मी चौथीतली एक कविता म्हणून दाखवू लागलो. तिसरं कडवं आठवेना. यंत्र वाजत होतं, मी कडवं शोधत होतो. यंत्र थांबलं आणि तू ठोकलंस, "कविराज, झोपले का?"

मी पोच दिली. पुन्हा पाठव म्हणायला बोट वळलं नाही. वीस वर्षांत तुला एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाइनीवर तूच विचारलंस, "माय गेली. इंदूले कालची तार भेटली होती ना?" घेतलेल्या तारांचा गठ्ठा मी चाळला. दोनच होत्या. तेव्हाच सांगायचं होतं. मी ठोकलं, "भेटली."

इंदूला घेऊन अकोल्याला मीच आलो. तू दारातच म्हणालास, "आता काहून आली? माय अत्यवस्थ, ताबडतोब निघ, असं कळवलं तवा पाय मोडले होते का?"

"दादा, शपथ घेतो, मले तार नाही आली."

"मंग शेषराव खोटं बोलते का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून वहाणा काढत राहिलो.

जी तार मी ऐकलीच नाही, ती तेव्हापासून रोज ऐकतो. तुझ्याच हातातली, रेंगाळण्यासकट. तुझी वहिनी पार्बताबाई विचारते, "मांडीवर बोटं काहून आपटून राहिले?" मी हात दाबून बसतो.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. उघडलं तर इंदू. पाच वर्षांत ती या घरी आली नव्हती. हातात लेकीच्या लग्नाची पत्रिका. म्हणाली, "भाऊ, देवदादा बोलत नाही माझ्यासंग, त्याले लग्नाले ये म्हणून तुमी सांगा. तुमचं आयकते तो." मग तिला हा कागद दिसला. "त्यालेच लिहून राहिले का? माझा नमस्कार लिहा."

तिचा नमस्कार.

ती समोर बसली आहे. आता हे पत्र तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतो. पेटीत टाकेन ते त्यानंतर.

तुझा म्हणायचं की नाही, ते तू ठरव,
शेषराव