दही लागलं नाही

२ ऑगस्ट

शी! आज पुन्हा त्या हार्टच्या दवाखान्यातून फोन. बाईचा आवाज असा गोड की फोन पुसून घ्यावासा वाटला. “काका, हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग होऊन ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांचं इतक्या वर्षांनी पुढे काय झालं, ते आम्ही बघतोय.”

पुढे काय झालं! पुढे म्हातारा झालो, बाई. अजून काय व्हायचं?

मग प्रश्न सुरू. जिना चढताना दम लागतो का? किती उशा घेऊन झोपता? उदास वाटतं का? म्हटलं, उदास नाही वाटत, किळस येते. ती म्हणे, “असा पर्याय नाहीये, काका.” मग कोणते आहेत ते वाचून दाखवले. एकही माझ्या कामाचा नव्हता.

शेवटी म्हणे, “हे सगळं आधी माहीत असतं, तर ऑपरेशन करून घेतलं असतंत?” म्हटलं, अजिबात नाही. तेव्हाच जाऊ दिलं असतं तर सुटलो असतो. आणि पुन्हा कुणी माझी छाती उघडायला आलं, तर मी सही करणार नाही. मेलो तरी चालेल. हवं तर लिहून घ्या!

फोन ठेवून वळलो तर ही स्वयंपाकघराच्या दारात, ओले हात पदराला पुसत. आत गेली आणि भांडी आपटली.

५ ऑगस्ट

मेहुण्याकडे जेवायला. त्याचा नेहमीचा खेळ — पाहुण्यांना गप्प करायचं, पंखा बंद करायचा, आणि “ऐका, ऐका, आमच्या दाजींच्या छातीत घड्याळ आहे!” धातूची झडप आहे रे बाबा, वाजणारच ती. एका बाईने तर चक्क कान लावला. तिच्या केसांना तळणाचा वास. तो घरी आल्यावरही शर्टाला होता. शर्ट धुवायला टाकला.

सकाळी ब्रश केला की बेसिनमध्ये लाल. रक्त पातळ ठेवायची गोळी — ती जन्माची सोबत. ती नाही घेतली तर झडपेवर गुठळी, घेतली तर हिरड्यांतून रक्त. हाताला कपाट लागलं तरी वांग्याएवढा काळानिळा डाग. पालेभाजी मोजून खायची. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर तासभर आधी अँटिबायोटिक, कारण तोंडातले जंतू पुन्हा झडपेवर जाऊन बसतील. पहिल्यांदा असेच गेले होते, कुजलेल्या दाढेतून. त्या दाताच्या गोळ्यांचा डबा हिच्या ताब्यात. माझं सगळंच हिच्या ताब्यात.

जीव वाचला म्हणतात लोक. वाचला म्हणजे काय, तर नासायला उरला.

८ ऑगस्ट

आज दोन टँकर परत पाठवले. एकाला गोठ्याचा वास, दुसरा आंबटीला लागलेला. झाकण उघडायचं, नाक घालायचं, घोटभर तोंडात घोळवायचं, थुंकायचं. इतकी वर्षं हेच. डेअरीत मला नाव नाही — “नाकसाहेब आले का?” विचारतात. टँकरवाले शिव्या देतात, देऊ देत. तोंड वाकडं करायचे मला पैसे मिळतात!

एकच गोष्ट नाकाला सापडत नाही. गाय आजारी पडली की तिला अँटिबायोटिक टोचतात आणि ते उतरायच्या आत तिचं दूध गुपचूप आमच्या टँकरमध्ये ओततात. वास चांगला, चव चांगली. म्हणून आमची लॅबवाली जुन्या पद्धतीने थोडं दूध बाजूला काढते, विरजण लावते, उबेला ठेवते. दही लागलं तर दूध खरं. नाही लागलं तर औषधाने विरजणच मारलं, आणि कुणीतरी खोटं बोलतंय.

११ ऑगस्ट

हुडहुडी. दोन पांघरुणं घेतली तरी दात वाजताहेत. झडप असलेल्या माणसाला ताप आला की काही न घेता आधी दवाखाना — हे डॉक्टरने शंभरदा सांगितलंय. उठलो तर हिने पुन्हा झोपवलं. “आजच्या दिवस राहू दे. तिथली घाण तुम्हालाच सोसत नाही ना? ही घ्या, तापाची.” गोळी मोठी होती, घशात अडकली. वर कोमट पाणी. कोमट पाण्याची मला किळस आहे, हे हिला ठाऊक आहे.

१३ ऑगस्ट

ताप गेला! उगाच धावलो नाही ते बरं झालं. ही अजून सकाळ-संध्याकाळ गोळी देतेच. “कोर्स पुरा करायचा असतो.” तापाच्या गोळीचा कसला आलाय कोर्स? घेतली. वाद घालायला तोंडाला चव नाही.

१९ ऑगस्ट

संध्याकाळी अंग तापतं. चादरीला आंबूस घामाचा वास. माझाच वास, आणि मलाच सहन होईना. खोली बदलून झोपलो.

२१ ऑगस्ट

डेअरीत जिन्यावर बसलो तो उठताच येईना. लॅबवालीने पाहिलं आणि सरळ रिक्षात घातलं. “नाकसाहेब, नाटकं बंद. दवाखाना!” ही परस्पर तिथे आली, चेहरा पांढराफटक.

वेटिंग रूम! खुर्च्यांची फाटलेली रेक्झिन, फिनाइलचा वास आणि त्याखाली जे लपवायला फिनाइल टाकतात त्याचा वास. शेजारचा माणूस खोकून रुमाल उघडून बघत होता. बघायचं काय असतं त्यात?

हार्टच्या डॉक्टरने पहिला प्रश्न हाच केला — “ताप आल्यापासून अँटिबायोटिक घेतलं का? एकही गोळी?” म्हटलं, नाही हो. तापाची फक्त. हिला म्हटलं, सांग ना. ही फरशीकडे बघत होती. ‘नाही’ अशी मान हलवली. दोन्ही हातांतून रक्त काढलं, वेगवेगळ्या बाटल्यांत. त्यात जंतू वाढतात का ते बघायचं. छातीवरून सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाला, धातूमुळे नीट दिसत नाही, ॲडमिट व्हा, उद्या घशातून नळी घालून बघू. मी नाही म्हटलं. त्या वॉर्डात एक रात्र काढणार नाही. तो वैतागला. वैतागू दे.

२७ ऑगस्ट

रिपोर्ट आला! रक्तात काहीच वाढलं नाही. स्वच्छ! डॉक्टर फोनवर म्हणत होता, “एवढ्यावर निर्धास्त राहू नका, ताप आला की लगेच या.” हो, हो, म्हटलं.

हिला ओरडून सांगितलं. तिने नुसतं “बरं झालं” म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेली. इतकी वर्षं माझ्यासाठी जीव टाकणारी बाई, आणि बातमी ऐकून क्लिपा शोधतेय!

२९ ऑगस्ट

सकाळी जिना चढताना तीनदा थांबलो. कुणाला सांगितलं नाही.

३० ऑगस्ट

काय लिहू?

सकाळी लॅबवालीने भांडं पुढे केलं. “बघा, कालचं. लागलंच नाही.” विरजण घालून, उबेला ठेवूनसुद्धा दूध दूधच. पातळ, गोड वासाचं. ज्याचं होतं तो गोठेवाला समोर उभा. “शपथ घेतो साहेब, गायीला काही म्हणजे काही दिलं नाही.” मी ओरडलो, “वास नाही म्हणून चोरी लपत नाही! बाकीच्यांचं लागतं आणि तुझंच का लागत नाही? कुणीतरी औषध पाजलंय, म्हणूनच काही वाढलं नाही —”

मी पुन्हा भांड्यात पाहिलं.

काही वाढलं नाही. माझ्या रक्तातसुद्धा काही वाढलं नाही. मोठी गोळी. सकाळ-संध्याकाळ. कोर्स.

लॅबवाली म्हणाली, “काय झालं? बसा.” बसलो नाही. तसाच घरी आलो. ही शेंगा सोलत होती.

“अगं, मला काय देत होतीस?”

तिने शेंग खाली ठेवली. “दाताच्या गोळ्या.” इतक्या सहज, की जणू मी मीठ किती घातलं ते विचारलं!

मी काय काय बोललो ते लिहिणार नाही. भेसळखोर म्हटलं. मी काय टँकर आहे का, म्हटलं. डॉक्टरसमोर मला खोटं बोलायला लावलंस, म्हटलं. ती ऐकत राहिली आणि मग एकदम उसळली.

“तुम्हीच त्या फोनवालीला म्हणालात ना? पुन्हा छाती उघडू देणार नाही, मेलो तरी चालेल? तुम्हाला चालेल! मला नाही चालत. ताप आला तेव्हाच मी ओळखलं. दवाखान्यात नेलं असतं तर त्यांनी ऑपरेशन सांगितलं असतं, आणि तुम्ही नाही म्हणून मोकळे झाला असता. म्हटलं, त्याआधीच मारून टाकू मेल्या जंतूंना. यांना कळायच्या आत.” मग रडत, नाक ओढत, “जेवण घाण, पाणी घाण, माणसं घाण. सकाळी उठलात की जाग आल्याचीसुद्धा किळस करता तुम्ही. मग माझा विश्वास बसणारच ना, की तुम्हाला जायचंय!”

तिचं नाक वाहत होतं, पदर ओला झाला होता. मला शिसारी आली. आधी तिची आली. मग माझी आली, ती जास्त होती. इतकी वर्षं मी नुसता तोंड वाकडं करत होतो, सवय होती. हिने ते शब्द न् शब्द खरे मानले.

बॅग हिनेच भरली. डॉक्टरला फोन मी केला. कोणत्या गोळ्या, कधीपासून, सगळं सांगितलं. “आत्ताच्या आत्ता या,” म्हणाला.

१ सप्टेंबर

वॉर्ड. घशातून नळी घातली. ओकाऱ्या, लाळ, डोळ्यांतून पाणी, आणि नर्स म्हणते “छान, छान.” काय छान?

झडपेवर जंतूंचा गोळा धरलाय आणि बाजूने रक्त गळतंय. बदलावीच लागेल. दुसऱ्या वेळी आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, धोका जास्त. आणि आधीच्या गोळ्यांमुळे कोणता जंतू ते कळत नाही, म्हणून तीन-तीन औषधं अंदाजाने चालू. “विचार करून सांगा,” डॉक्टर म्हणाला. “पण फार वेळ घेऊ नका.”

ही स्टुलावर बसून आहे. कालपासून माझ्याशी बोललेली नाही. मीही नाही.

२ सप्टेंबर

डबा आला. पातळ, पांढरं, मिठाशिवाय. सगळं संपवलं. हिने पाहिलं.

३ सप्टेंबर

सर्जन राउंडला आला, मागे सात-आठ शिकाऊ डॉक्टर. सगळ्यांसमोर गरजला, “या गोळ्या यांना कुणी चारल्या?” ही स्टुलावरून उठली. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “मीच घेतल्या, हिच्या चोरून.” त्याने मला मूर्ख म्हटलं. अगदी बरोबर म्हटलं. ही उभीच, स्टुलाला धरून. “आणि ऑपरेशनचं काय ठरलं?” म्हटलं, “करा. उद्याच करा. मला जगायचंय हो!” आवाज चिरकला, नाकाडोळ्यांतून पाणी. सगळा वॉर्ड ऐकत होता. ऐकू दे.