तसबीर झाली धर्मबाप

मे ४, सोमवार

आंथूसाच्या दुकानात मेणबत्त्या घ्यायला गेलो. घरात आधीच इतक्या आहेत की आई विचारते, "घरातच चर्च काढतोयस का?" म्हणून आज एकच घेतली. मग आणखी एक.

आज विचारायचंच, असं ठरवून गेलो होतो. तिचा नवरा जाऊन वर्ष झालं. नियमाप्रमाणे ती पुन्हा लग्नाला मोकळी. मी तर त्रेचाळीस वर्षं मोकळाच आहे. पण तोंड उघडणार तेवढ्यात तिचा दीर सिसिनिओस तिच्या बाळाला खांद्यावर टाकून आतून आला. "कोस्मास, आमचं ठरलंय. फोकासचे धर्मबाप तुम्हीच. गल्लीत एवढा शिकलेला दुसरा आहे कोण?"

मी म्हणालो, "माझं भाग्य."

भाग्य!

मे ५

बाप्तिस्म्याच्या कुंडातून बाळाला जो हातात घेतो, तो त्याचा धर्मबाप. आणि बाळाची आई त्याला बहिणीसारखी. तिच्याशी लग्न नाही, कधीच नाही. धर्मपीठाच्या कचेरीत बसून हा नियम लोकांना मीच सांगतो. गेल्या हिवाळ्यात याच नियमात अडकलेला एक दोर वळणारा माझ्या मेजापुढे रडला. मी त्याला म्हणालो, "नियम नात्याचा आहे, माझा नाही." त्या वाक्यावर मी संध्याकाळपर्यंत खूश होतो.

सिसिनिओसला नियम ठाऊक आहे. वहिनीने लग्न केलं तर भावाचं दुकान तिच्याबरोबर जाणार, हेही ठाऊक आहे.

पण आंथूसाच्या मनात काय आहे? तो बोलत होता तेव्हा ती वाती कापत होती. मान वर केली नाही. म्हणजे तिलाही मी नको आहे? की राग आला म्हणून मान खाली? की नुसत्याच वाती कापत होती?

मे ७

आईला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत म्हणाली, "नियम तू वाचतोस, वापरतो तो सिसिनिओस."

मे ९

मार्ग सापडला. काही भाविक घराणी माणसाऐवजी संताची तसबीरच धर्मबाप करतात. जुन्या कागदांत दाखले आहेत. दुकानात जाऊन, प्रोकोपिओस पाद्री समोर असतानाच म्हणालो, "मी पापी माणूस. या बाळाला साक्षात संत देमेत्रिओस धर्मबाप लाभावेत."

सिसिनिओस म्हणाला, "तसबीर सणाला पोराला अंगरखा शिवणार का?"

"अंगरखा मी शिवतो," मी म्हणालो.

पाद्री मात्र हरखले. "संत धर्मबाप! अख्खी गल्ली बघायला येईल." त्यांच्यापुढे सिसिनिओसला नाही म्हणता येईना. आंथूसाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडत होती का? सर्दी असावी.

मी खोटं बोललो का? पापी आहे, हे खरं. संत लाभावेत, हेही खरं. खरं कारण लपवलं, एवढंच. म्हणजे अर्धं खोटं. त्याबद्दल अर्धा दिवस उपास केला. संध्याकाळी आईने कुपा मासा तळला, तो खाल्ला.

मे १३

तिला अजून विचारलेलं नाही. आता विचारलं तर तसबिरीचं बिंग फुटेल. बाप्तिस्मा झाला की विचारीन.

तसबीर टेकवायला खुर्ची हवी होती. माझी दिली.

मे १७, रविवार

हे लिहिणारे हात बघतो आहे. हेच ते हात.

गल्ली खरंच लोटली होती. कुंडाशेजारी माझी खुर्ची, तीवर संत, संतांच्या खांद्यावर स्वच्छ पंचा. मी खुर्ची धरून उभा, एक पाय लुळा आहे तिचा. पाद्रीबुवांनी फोकासला तेल चोपडलं, अगदी कानामागेसुद्धा. पोर माशासारखं बुळबुळीत झालं. "पित्याच्या नावाने," पहिल्यांदा बुडवलं. "पुत्राच्या नावाने," दुसऱ्यांदा. बाहेर काढलं आणि फोकासने थेट पाद्रीबुवांच्या डोळ्यांत धार सोडली.

त्यांनी डोळे मिटले. हात सुटले. पोर हवेत.

मी विचार केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच केला नाही! खुर्ची सोडली, पुढे झालो, झेललं. संत पालथे पडले. आणि सिसिनिओस ओरडला, "घेतलं! धर्मबापाने हातात घेतलं! सगळ्यांनी पाहिलं ना?"

सगळ्यांनी पाहिलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. पाद्रीबुवांनी डोळे पुसत घाईघाईने उरलेल्या प्रार्थना म्हटल्या. फोकास माझ्या छातीवर तेलकट गाल टेकून झोपला. फार जड नाही तो.

आंथूसाकडे बघायची छाती झाली नाही.

मे १८

कचेरीत गेलो नाही.

मे २०

सिसिनिओसने मधाच्या वड्या पाठवल्या. निरोप असा, "फोकासच्या धर्मबापांना."

सुटका शोधायचा प्रयत्न केला. माझा हेतू नव्हता, अपघात होता. पण त्या दोर वळणाऱ्यानेही हेच सांगितलं होतं, की मूल त्याच्या हातात ऐनवेळी कोणीतरी दिलं. मी त्याला विचारलं होतं, "हात कुणाचे?" आज मला तोच प्रश्न. हात माझेच.

पुन्हा तशी वेळ आली तर झेलणार नाही का? झेलीन. हेच सगळ्यात वाईट.

आई म्हणाली, "वड्या चांगल्या आहेत. खा."

मे २१

कचेरीत रांग होती. मान खाली घालून विचारलं, "काय काम?"

"तक्रार आहे," आंथूसाचा आवाज. कडेवर फोकास. "माझ्या मुलाचा बाप्तिस्मा अर्धवट राहिलाय. पित्याच्या नावाने बुडवलं, पुत्राच्या नावाने बुडवलं. पवित्र आत्म्याच्या वेळी तो तुमच्या छातीवर घोरत होता. तीनदा बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा होतो का हो, कोस्मास?"

होत नाही. मी हे दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगतो. त्या दिवशी मी माझे हात बघत बसलो होतो.

"नाही होत," मी म्हणालो. "मग धर्मबापही..."

"तेच विचारतेय. मी मोजत होते. तुमची वाट बघत बसले तर फोकासला दाढी येईल."

मागचा म्हातारा म्हणाला, "बाई, आटपा की, आम्हालाही लग्नं करायचीत."

"माझंच चाललंय, आजोबा," ती म्हणाली.

मे २४, रविवार

तीनदा बुडवलं, संतांनी घेतलं. मी हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभा होतो. गाठ आंथूसाने स्वतः मारली होती, तिच्या ओढणीने. अजून सोडलेली नाही. आईला सांगून हे लिहून घेतो आहे.