देवापुढचं चॉकलेट

बाबा, आज समोरच्या घरातली सून धावत आली. तिच्या पोराने वाढदिवसाचं चॉकलेट टेबलावर उघडं टाकलं आणि त्यांच्या कुत्र्याने ते फस्त केलं. "काकू, दूध पाजू का?" म्हणाली. मी म्हटलं, काही पाजू नकोस, बघू-बघू करत बसू नकोस. चॉकलेटचा कागद सोबत घे, किती खाल्लं नि कधी खाल्लं ते आठवून ठेव, आणि सरळ डॉक्टरकडे नीघ. ती गेली आणि मी लिहायला बसले, कारण हे ठणकावून सांगताना मला तुमचाच चेहरा दिसत होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण काही मिटलेलं नाही.

वाडीतल्या आपल्या त्या दोन खोल्या. घरात काही नवं आलं की ते आधी देवापुढे, आणि तुम्ही गोदामातल्या कामावरून येऊन हात जोडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. मोसमातला पहिला आंबा असो की माझी कॉलेजची पुस्तकं, सगळ्यांना तोच न्याय. मामा बोटीवर नोकरीला होता. त्या हिवाळ्यात तो चॉकलेटच्या जाड, काळ्या, कडू वड्या घेऊन आला. आईने कागद उघडून त्या ताटलीत मांडल्या, वर तुळशीचं पान ठेवलं, ताटली देवापुढे सरकवली आणि आम्ही सगळे तुमची वाट बघत अंगणात उन्हाला बसलो. देव तेव्हा खाली होते, पाटावर. आपल्या काळ्या कुत्र्याला नाव नव्हतं, कारण "नाव देलं का ते घरात घुसते" असं तुम्ही म्हणायचात. बिननावाचाच तो घुसला आणि ताटली चाटूनपुसून बाहेर आला.

तुम्ही जेवायला आलात तेव्हा तो अंगणात धापा टाकतो आहे. पाणी पितो, बसतो, पुन्हा उठतो, मागचे पाय थरथरताहेत. मामा म्हणतो, "भाऊजी, हे कुत्र्याले विष असते. आमच्या बोटीवरच्या सायबाचं कुत्रं असंच गेलं."

"विष?" तुम्ही अजून चपला काढलेल्या नाहीत. "देवापुढचं होतं ते. प्रसाद कोणाले बाधत नाही. दूध पाजा त्याले अन् पडू द्या."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर अजून हातच जोडले नाहीत. मंग प्रसाद कसा झाला?" तुमचाच नियम मी तुमच्यापुढे ठेवला होता, आणि नेमकं तेच तुम्हाला झोंबलं.

"लय शहाणी झाली का वं? मधात काहून बोलून राहिली? याले दवाखान्यात नेशील, तर या घरचा प्रसाद तुले नाही."

"नका देऊ," मी म्हटलं. आईने तुमच्यादेखत स्वतःची शाल आणून कुत्र्याला गुंडाळलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "जाय वं, लवकर जाय." मी देवापुढे पडलेला चॉकलेटचा कागद घेतला, कुत्र्याला उचललं आणि निघाले.

"कुत्ते के लिए रिक्शा?" सायकल रिक्षावाला हसला. "हाँ भैया, मरीज है," मी म्हटलं. अमरावती रोडवर ट्रकमागून ट्रक, धूळ, आणि मांडीवर ते थरथरणारं जनावर. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं धडधडत होतं की मला वाटलं, आता बंद पडणार. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी कागद मागून घेतला, वाचला, सुई टोचली. थोड्या वेळाने कुत्र्याने सगळं ओकून टाकलं. त्यात तुळशीचं पानही होतं, अख्खं. "दूध पाजत बसल्या असत्या तर हा हातचा गेला असता," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी घरी येऊन तुम्हाला मुद्दाम मोठ्याने ऐकवलं.

त्या संध्याकाळी आरती झाली. तुम्ही सगळ्यांच्या हातावर साखर ठेवलीत आणि माझा हात ओलांडून पुढे गेलात. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. मी हात मागे घेतला नाही. रोज आरतीला यायची, रोज हात पुढे करायची आणि तुमच्या डोळ्यांत बघायची. वाईट वाटायचं, खूप वाटायचं, पण ते तुम्हाला दिसू द्यायची नाही. कुत्रा उंबऱ्यावर पसरून शेपटी आपटत असायचा, तुमच्या नाकावर टिच्चून. मग एका रविवारी तुम्ही कुणाशी काही न बोलता भिंतीत खुंट्या ठोकल्यात, फळी बसवलीत आणि देव वर नेलेत. संध्याकाळी माझ्या हातावर साखर आली.

आई म्हणायची, झालं ना आता, सोडून दे. मी का सोडू? फळी ठोकणं म्हणजे "पोरी, तुझं बरोबर होतं" असं म्हणणं नव्हे. ते तुम्ही शेवटपर्यंत म्हणाला नाहीत, म्हणून मीच म्हणते. माझं बरोबर होतं, बाबा. उद्या पुन्हा तसंच झालं, तर पुन्हा तुमच्या समोरून कुत्रा उचलून नेईन, आणि साखर नाही दिली तरी पुन्हा हात पुढे करून उभी राहीन.

आत्ताच त्या सुनेचा फोन आला, त्यांचं कुत्रं ठीक आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं ते लिहून टाकते. त्या दिवशी रिक्षात, दवाखाना येईपर्यंत, मी त्याच्या छातीवर हात ठेवून सारखं एकच म्हणत होते: प्रसाद कोणाले बाधत नाही, प्रसाद कोणाले बाधत नाही.