तळ्याच्या अक्षता

माय, त्या सकाळी सडा टाकून झाला, शेळ्यांना तुरीचं कुटार घातलंस, चुलीवर चहाचं आधण ठेवलंस आणि डब्यातून मूठभर तांदूळ काढून त्यांना हळद चोळत बसलीस. कोणाचं लग्न नव्हतं, पूजा नव्हती. पारावर सरकारी साहेब हुकूम वाचायला येणार होते. दिल्लीने संस्कृतला राजभाषा केलं तेव्हा तू लहान होतीस. वर्ध्यात सगळे ती हिंदीच होणार म्हणून धरून चालले होते, असं तूच सांगायचीस. मग दवंडी आली आणि देवळातली भाषा कचेरीत राहायला गेली. आपल्या लोकांनी ती ऐकलेली फक्त लग्नात, नाहीतर सत्यनारायणाला. म्हणून साहेबाने कागद वाचायला घेतला की सगळे हात जोडायचे आणि वाचून संपला की अक्षता टाकायचे. पुढे कचेरीनेही तेच धरलं. अक्षता पडल्या म्हणजे गावाचा होकार.

मी तुझा पदर धरून उभी आहे. साहेब वाचतोय. "माय, हे काय म्हणून राह्यले?" मी विचारते. तू माझ्या दंडाला चिमटा काढतेस. "चूप बस, पोट्टे. मंत्राले कोनी अर्थ इचारते काय?" आणि अक्षता टाकतेस. पोळा झाला आणि गायरानाला तार लागली. आपल्या शेळ्या किती दिवस त्या तारेला तोंड लावून उभ्या राहायच्या. तू एकेक करून विकल्यास. कोणाला बोल लावला नाहीस. मंत्राला कोण बोल लावणार?

शाळा माझी लवकर सुटली. वाचायला शिकले ती लग्नानंतर. तुझे जावई सिंदी रेल्वेच्या बाजाराला कापूस घेऊन गेले की येताना रद्दीतून राजभाषेची जुनी पुस्तकं आणायचे. "घे वो, तुह्या मायचा मंत्र," म्हणायचे. दुपारची भांडी झाली की मी ओसरीवर अक्षर लावत बसायची आणि ते बाजेवर पडून चुका नसल्या तरी काढायचे. ते गेले त्याला दोन हिवाळे झाले. पुस्तकं त्यांच्या टोपीशेजारी त्याच फळीवर आहेत. दुपारी अजून तिथेच बसते. चिडवायला कोणी नाही, एवढंच.

परवा पारावर साहेब आला. मीही तांदूळ पदरात बांधून गेले होते. सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण तडाग म्हणजे तळं, हे कळलं. पुढे कुंपण कळलं आणि मला आपल्या शेळ्या दिसल्या. लोकांच्या अक्षतांच्या मुठी वर गेल्या होत्या. मी उठले.

"थांबा. साहेब, याचा अर्थ आमच्या बोलीत सांगा."

"मावशी, राजभाषेचा मान ठेवा. खाली बसा."

"मान हाये ना, बापा. पन नवस बोलतो तं देवाले आमची बोली समजते. तुमाले काऊन नाई समजत?"

मागून शेजारचा म्हातारा म्हणाला, "सांगून टाका ना साहेब, तळ्याचं लगन कोनासंगं लावून राह्यले?" सगळा पार हसला. साहेबालाही हसू आवरलं नाही. त्याने चष्मा काढून पुसला, आणि बोलला तेव्हा हिंगणघाटाकडचाच निघाला. "माय, तळं ठेक्यानं चाललं. मासे ठेकेदाराचे, पानी त्याचं. काठाले तार लागन."

मग म्हाताऱ्याची सून उठली. "मंग आमची ढोरं काय तुमच्या कचेरीत पानी पेतीन?" त्यानंतर कोण काय बोललं ते सांगता यायचं नाही, सगळेच बोलत होते. माय, त्या पारावर मी आजवर गावाची फक्त मान हललेली पाहिली होती. परवा गाव बोललं. एक दाणा खाली पडला नाही. साहेबाने कागदावर जे लिहिलं ते मी दोनदा वाचून घेतलं, आधी त्याच्या भाषेत, मग आपल्या. गावाचा नकार आहे. तळं गावाचं आहे. घरी येताना मी ताठ चालत होते. तुझे जावई असते तर म्हणाले असते, "पाहा, पाहा, पाटलीन चालली."

हे लिहिलेलं तुला पाठवणार कुठे, आणि वाचून दाखवणार कोण? फळीवरच राहील. एक मात्र सांगते. साहेब वाचायला लागला तेव्हा माझेही हात आपोआप जुळले होते, थेट तुझ्यासारखे. दुसऱ्या दिवशी पदराची गाठ सोडली, तांदूळ धुतले आणि शिजायला टाकले. भात पिवळाच झाला. जेवले आणि गाय घेऊन तळ्यावर गेले.