मान सोडायची भीती

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा उपासनेला जाता आलं नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नुसतं पडून राहायला सांगितलंय, आणि मला त्याचीच धास्ती. जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांची उठबस केली, चर्चमधल्या आजाऱ्यांनाही मीच भेटायला जायची. आता माझा कुणाला काय उपयोग? देवाला तरी?

दुपारी सून, रूथ, कोमट पाणी घेऊन आली. "आई, केस धुऊ या."

"एवढी काही मेले नाहीये मी," मी फटकन म्हणाले.

तिनं पलंगाच्या कडेखाली बादली सरकवली आणि माझं डोकं तळहातावर घेतलं. मी मान ताठच धरली.

"आई, मान सोडा ना. मी धरलंय."

सुटेचना. किती रोग्यांना मीच हे सांगितलं असेल! त्यांनाही इतकी भीती वाटत असेल?

"मी अशीच पडून राहिले तर कंटाळाल गं तुम्ही." निघूनच गेलं तोंडातून.

"कंटाळू की कधीतरी," ती म्हणाली. "तरी केस धुवायचेच आहेत."

मला हसू आलं, मग रडू. त्यात मान कधी सैल पडली, कळलंच नाही. सगळा भार तिच्या हातावर.

आत्ता प्रार्थनेला डोळे मिटले तर पुन्हा तीच भीती. प्रभूसमोर न्यायला आज काहीच नाही. तेच सांगितलं त्याला. आज मी काही केलं नाही, आणि मला भीती वाटते. मग मान उशीवर सैल सोडून तशीच पडून राहिले. आमेन म्हणायची घाई केली नाही.